घरचाच गोंगाट

रात्रीचे दहा वाजून गेले, स्वयंपाकघरांतली आवराआवर संपली आणि खालचे दिवे एकामागून एक मालवले गेले, कीं मी गच्चीवरील लहानशा खोलीचा जिना चढूं लागतों. "निघाली स्वारी देवघरांत!" हे उद्गार त्या वेळीं पाठीमागून हटकून ऐकूं येतात. त्यांत थट्टा असते तसा थोडा आदरही असतो, अशी मीं स्वतःची समजूत करून घेतली आहे. खऱ्या देवघराशीं त्या खोलीचें साम्य एवढेंच कीं, तेथें माझ्याखेरीज दुसऱ्या कोणीं हात लावलेला मला खपत नाहीं. एक जुनें टेबल, त्यावर बिनतारी संदेश पाठविण्याचें व घेण्याचें यंत्र, शेजारीं संगणक, आणि त्या दोहोंच्या पाठीमागें तारांचें असें जंजाळ कीं, कोणती तार कोठून निघून कोठें जाते हें सांगण्यास ब्रह्मदेवालाही थोडा वेळ मागून घ्यावा लागेल.

मी पोटासाठीं पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक आहें आणि हौसेसाठीं बिनतारीवाला. आमच्यासारख्या हौशी लोकांना जगभर 'हॅम' म्हणतात. आपल्याकडे केंद्र सरकारची परीक्षा दिल्यावर परवाना मिळतो, 'व्ही-यू' या अक्षरांनीं सुरू होणारें एक संकेतनाम मिळतें, आणि मग ठरवून दिलेल्या लहरींवर पृथ्वीच्या पाठीवरील कोणाही हौशी माणसाशीं बोलण्याचा अधिकार प्राप्त होतो. त्यांतून पैसा मिळवावयाचा नसतो. मिळवूं म्हटलें तरी कायद्यानें मना आहे. ज्यांत पैसा नाहीं, कीर्ति नाहीं आणि घरच्या मंडळींची सहानुभूतिही बेताचीच, असा हा उद्योग माणसें जन्मभर कां करीत राहतात, असें कोणीं विचारलें तर माझ्यापाशीं उत्तर नाहीं. आकाशांत सोडलेल्या हाकेला ओ येते, एवढेंच त्यांतलें सुख. आणि तें एकदां चाखलें कीं सुटत नाहीं.

पूर्वी आम्ही मोर्सच्या 'कट्ट-कडकट्ट' मध्यें बोलत असूं, मग तोंडानें बोलूं लागलों. आतां आमच्यापैकीं पुष्कळांच्या वतीनें संगणकच बोलतो आणि संगणकच ऐकतो. १९९८ च्या अखेरीस पीटर मार्टिनेझ या इंग्रज हौशी गृहस्थानें एक युक्ति काढली. तिचें नांव 'पी-एस-के ३१'. इकडे एकानें टंकावें आणि तिकडे दुसऱ्याच्या पडद्यावर अक्षर उमटावें. या संभाषणाला आकाशांत अवघी तीस-एकतीस हर्ट्झची, म्हणजे अगदीं बोळाएवढी वाट पुरते. पुढें २०१७ सालीं जोसेफ टेलर व स्टीव्ह फ्रँके या दोघा अमेरिकन हौशींनीं 'एफ-टी ८' ही दुसरी पद्धति आणली. तींत पंधरा पंधरा सेकंदांच्या पाळीनें बोलावयाचें असतें, आणि माणसाच्या कानाला ज्याचा मागमूसही लागणार नाहीं असा क्षीण संदेश संगणक खरखरींतून नेमका वेंचून काढतो. हे टेलर म्हणजे ज्यांना रसेल हल्स यांच्यासह १९९३ चें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें तेच. दूरच्या ताऱ्यांचे मंद ठोके ऐकण्यांत ज्यानें आयुष्य घालविलें, त्यालाच हौशी माणसांच्या मंद हाका ऐकण्याची युक्ति सुचावी, यांत मला मोठें औचित्य वाटतें.

परंतु माझी हकीकत ताऱ्यांची नाहीं, एका वृद्ध शिक्षकांची आहे.

रत्नागिरी जिल्ह्यांतील समुद्रकांठच्या एका गांवीं माझे शाळेंतले गुरुजी राहतात. बिनतारीचें वेड मला त्यांनीं लावलें. आतां त्यांनीं ऐंशी ओलांडली आहे. पंचाहत्तरीच्या सुमारास त्यांचे कान गेले. यंत्र लावूनही माणसाचें बोलणें म्हणजे त्यांना नुसता गलबला वाटतो. टेलिफोनवर बोलणें संपलें, मोर्स ऐकणें संपलें. तेव्हां या गृहस्थांनीं शहात्तराव्या वर्षीं संगणक शिकून घेतला. दर रविवारीं सकाळीं साडेआठ वाजतां सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत आम्ही भेटतों. ते पांच वॅटच्या शक्तीनें टंकतात, मी वाचतों; मी टंकतों, ते वाचतात. भाषा मराठी, लिपि मात्र रोमन. कारण ही पद्धति दुसरी लिपि जाणत नाहीं. त्यांच्या मुलानें घेऊन दिलेला नव्या तऱ्हेचा फोनही त्यांच्यापाशीं आहे, आणि त्यावर लेखी निरोप क्षणांत पोंचतो हें मला ठाऊक आहे. पण त्या निरोपांत आणि यांत फरक आहे. येथें अक्षर टंकलें जातां जातां समोर येतें. ते कोठें अडखळले, कोणता शब्द खोडून दुसरा घातला, कोठें बोट थांबलें, हें सारें मला दिसतें. ज्या माणसाचा आवाज आतां आपल्याला ऐकवतां येत नाहीं, त्याचें बोलणें असें डोळ्यांनीं ऐकण्याचें महत्त्व ज्याचें त्यालाच कळतें.

२०२३ च्या भाद्रपदांत या रविवारांवर संक्रांत आली.

संगणकाच्या पडद्यावर लहरींचें जें चित्र वरून खालीं सरकत असतें त्याला आम्ही 'धबधबा' म्हणतों. काळ्याभोर पार्श्वभूमीवर 'पी-एस-के' चा संदेश आगगाडीच्या रुळांसारखा, दोन बारीक समांतर रेषांचा दिसतो. एका रविवारीं पाहतों तों धबधब्याची पार्श्वभूमि काळी राहिलीच नव्हती. सगळीकडे पिवळट धुरळा उडालेला, आणि मधून मधून कुंपणाच्या खांबांसारखे जाड पट्टे उभे. यंत्रावरील कांटा, जो एरवीं तीनवर स्वस्थ बसे, तो आठवर जाऊन थरथरत होता. या मापांतील एकेक घर म्हणजे सहा डेसिबल, अर्थात् शक्तीची चौपट. पांच घरें म्हणजे एकूण हजारपट. सारांश, माझ्या खोलींतील गोंगाट हजारपटीनें वाढला होता, आणि पूर्वीच्या इतक्याच स्पष्टपणें मला ऐकूं येण्यासाठीं गुरुजींना पांच वॅटच्या जागीं पांच हजार वॅट लागले असते. नारळीच्या दोन झाडांमध्यें तार ताणून मोटारीच्या जुन्या बॅटरीवर यंत्र चालविणारा माणूस पांच हजार वॅट कोठून आणणार? त्या दिवशीं पडद्यावर तुटकीं अक्षरें तेवढीं उमटलीं. त्यांना माझें सर्व कळत होतें, मला त्यांचें कांहींच कळत नव्हतें. बहिरे ते होते. पण ऐकूं येत नव्हतें मला.

गोंगाटाचें मूळ शोधण्यास मला फार श्रम पडले नाहींत. वस्तुतः मुळींच श्रम पडले नाहींत, आणि पुढचा सारा अनर्थ त्यांतूनच झाला. आमच्या शेजारीं बँकेंतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. आळींत सारे त्यांना भाऊ म्हणतात. त्यांच्या घरीं गणपति येतो, आणि त्या वर्षीं नातीच्या हौसेखातर त्यांनीं दाराला, कमानीला, आंब्याच्या झाडाला नव्या तऱ्हेच्या चिमुकल्या दिव्यांच्या माळा सोडल्या होत्या. या दिव्यांना वीज पुरविणाऱ्या स्वस्त डब्या बिनतारीवाल्यांच्या जन्माच्या वैरिणी, हें मला पुस्तकांतून ठाऊक होतें. माळा लागल्या त्याच आठवड्यांत माझ्याकडे गोंगाट सुरू झाला. आणखी काय पुरावा हवा?

आमच्या शास्त्रांत याला काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसला आणि फांदी मोडली, म्हणून कावळ्याला दोष द्यावयाचा. विद्यार्थ्यांच्या वह्यांत ही चूक दिसली कीं मी तांबड्या शाईनें खूण करतों. पण स्वतःच्या वहींत तांबडी शाई कोण वापरतो! रविवारीं सकाळीं साडेआठ वाजतां त्या माळा बंद असत, तरी गोंगाट चालूच असे. ही गोष्ट माझ्या नजरेंतून सुटली नव्हती. मीं मनाशीं म्हटलें, दिवे बंद असले तरी डब्या चालू राहत असतील. मनांत एकदां आरोपी ठरला कीं प्रत्येक पुरावा त्याच्याच विरुद्ध जातो.

मी भाऊंकडे गेलों. विद्वान् माणसाला शोभेल अशा सौम्य शब्दांत, पण त्याच्याच अंगीं असूं शकेल अशा आढ्यतेनें, मीं त्यांना विद्युच्चुंबकीय लहरींवर दहा मिनिटें व्याख्यान दिलें. बिचाऱ्यांनीं तें निमूट ऐकून घेतलें आणि त्या रात्रीं माळा काढून ठेवल्या. नात रडल्याचें मला भिंतीपलीकडून ऐकूं आलें. गोंगाट मात्र रेंसभरही कमी झाला नाहीं. तेव्हां मीं त्यांच्या पडवींतील नव्या दिव्यावर संशय धरला, मग जिन्यांतील दिव्यावर. तिसऱ्या खेपेस भाऊ दारांतच उभे राहिले आणि म्हणाले, "प्रोफेसर, तुमच्या रेडिओसाठीं आम्हीं आतां अंधारांत बसायचें का?"

वीस वर्षांचा शेजार त्या एका वाक्याबरोबर थिजून गेला. दिवाळींत फराळाचें ताट आलें, नाहीं असें नाहीं. पण तें दर वर्षीं वहिनी स्वतः घेऊन येत आणि तासभर बसत, तें या वेळीं मोलकरणीच्या हातीं आलें. घरांत कोणी कांहीं बोललें नाहीं. तें ताट किती वेळ तसेंच झांकलेलें होतें, एवढें मला आठवतें.

डिसेंबरांत गुरुजींचें पत्र आलें. मीं त्यांना शेजाऱ्याची सारी तक्रार सविस्तर कळविली होती, आणि सहानुभूतीची अपेक्षा केली होती. उत्तर पोस्टकार्डावर होतें. सहानुभूतीला पोस्टकार्डांत जागा नसावी. मजकूर एवढाच: तुझ्या घरचा मुख्य खटका बंद कर, यंत्र बॅटरीवर लाव, आणि मग ऐक. हें अगोदर केलें असशीलच. नसल्यास आधीं कर.

तीन महिन्यांत मीं तें केलें नव्हतें. ज्यानें जन्मभर फॅरेडे आणि मॅक्सवेल शिकविले, ज्यानें प्रयोगशाळेंत मुलांना 'आधीं उपकरणाची चूक काढा, मग निसर्गाला नांवें ठेवा' असें हजारदां बजावलें, त्याला आपलें स्वतःचें घर हेंही एक उपकरण आहे ही गोष्ट सुचलीच नव्हती. पोस्टकार्ड खिशांत ठेवून मी बराच वेळ बसून राहिलों.

त्या रात्रीं मंडळींना कल्पना देऊन मीं जिन्याखालचा मुख्य खटका ओढला. सारें घर काळोखांत बुडालें. वरच्या खोलींत बारा व्होल्टच्या बॅटरीला यंत्र जोडलें आणि कान दिला. कांटा आठवरून घसरला तो तीनाच्याही खालीं येऊन विसावला. गेल्या तीन महिन्यांत जें ऐकलें नव्हतें तें ऐकूं आलें: दूर कोठें तरी, कदाचित् हजार मैलांवर, वीज चमकत असल्याची मऊ कडकड, आणि तिच्यामागें निवांत आकाश. भाऊंच्या पडवींतला दिवा समोर लख्ख जळत होता.

मग जिन्याच्या तोंडाशीं मेणबत्ती घेऊन सौभाग्यवती उभ्या राहिल्या आणि मी वरून सांगेन तसा एकेक खटका चालू करूं लागल्या. पंखे झाले, शीतकपाट झालें, पाण्याचा पंप झाला. कांटा हलला नाहीं. "आतां तुमच्या देवघराचा!" असें खालून आलें, आणि तो खटका लागतांक्षणींच कांटा उडी मारून आठवर गेला. टेबलाखालच्या पट्टीवरून मीं एकेक तार उपटूं लागलों. संगणकाचा चार्जर उपटला, आणि कांटा चारवर पडला. पहिला चार्जर बिघडला म्हणून भाद्रपदाच्या आरंभीं मीं चौथाई किंमतींत मिळाला असा एक बिननांवाचा चार्जर आणला होता. भाऊंच्या माळा आणि माझा चार्जर, दोघांची पत्रिका एकच होती. उरलेलें एक घर इंटरनेटच्या डबीनें आणि माझ्याच जिन्यांतल्या दिव्यानें वांटून घेतलें होतें.

हे चार्जर गोंगाट कां करतात, हें थोडक्यांत सांगतों. घरच्या विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास हेलकावे घेतो. जुन्या काळीं त्याचा दाब उतरविण्यासाठीं लोखंड-तांब्याचें वजनदार रोहित्र लागे. आतांचा चार्जर प्रथम त्या प्रवाहाला सरळ करतो आणि मग सेकंदाला साठ-सत्तर हजार वेळां, कधीं लाखाहूनही अधिक वेळां, त्याचे तुकडे पाडतो. त्यामुळें यंत्र खिशांत मावतें. पण प्रत्येक तुकडा म्हणजे एक झटका, आणि झटका जितका तीव्र तितक्या त्याच्या पटी वर चढत जातात. पासष्ट हजारांची एकशें आठवी पट काढली तर ती थेट सात मेगाहर्ट्झच्या दारांत, म्हणजे आमच्या रविवारच्या बैठकींत येऊन बसते. या पटी आंतल्या आंत जिरविण्यासाठीं चांगल्या चार्जरमध्यें चाळणी बसविलेली असते. स्वस्त चार्जर स्वस्त होतो तो बहुधा ती चाळणी गाळूनच.

नुसता चार्जर बदलून काम पूर्ण झालें नाहीं, कारण संगणक स्वतःही कांहीं मुका प्राणी नव्हे. येथें एक गोष्ट मला नव्यानें पटली. गोंगाट डबींतून फारसा बाहेर पडत नाहीं; तो तारांवरून बाहेर पडतो. डबीला जोडलेली हरएक तार हें तिचें एरियल होतें. तारेंतून जो कामाचा प्रवाह वाहतो तो एका धाग्यानें जातो आणि दुसऱ्यानें परततो; गोंगाटाचा प्रवाह मात्र सर्व धाग्यांवरून एकाच दिशेनें धांवतो आणि परततो जमिनीवरून. यावर उपाय म्हणजे फेराइट नांवाच्या काळ्या, चुंबकधर्मी मातीचें कडें. त्यांतून तारेचे वेढे घेतले कीं जाणाऱ्या-येणाऱ्या कामाच्या प्रवाहाला तें मुळींच अडवीत नाहीं, कारण त्या दोन्ही दिशांचे परिणाम परस्परांना खोडून काढतात; एकाच दिशेनें पळणाऱ्या चोराला मात्र तें धरून ठेवतें. तारेवर मण्यासारखें एक कडें अडकविलें तर एकच वेढा पडतो. पण अडथळा वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. दहा वेढे घेतले तर शंभरपट. बुधवार पेठेंतून मी मोठालीं दहा-बारा कडीं घेऊन आलों आणि चार्जरची तार, पडद्याची तार, यू-एस-बीची तार, सर्वांना वेढे देत दोन रात्री बसलों.

एरियलची तार संगणकापासून दोन हातांवरून जात होती. ती सोडवून गच्चीच्या पलीकडच्या टोंकास नेली, आणि तिच्या मुळाशींही एक कडें बसविलें, म्हणजे तिच्या कवचावरून घरचा गोंगाट वर चढूं नये. यंत्र व संगणक यांच्यामध्यें आवाज वाहणाऱ्या तारेंत दोन लहानशीं रोहित्रें घातलीं. आतां दोघांमध्यें आवाज जातो, पण धातूचा धागा सलग राहिला नाहीं. 'आतां बोल' अशी जी आज्ञा संगणक यंत्राला देतो तिच्या वाटेवर एक मुगाच्या दाण्यांएवढी चीज बसविली. तिच्या एका अंगाला चिमुकला दिवा आहे आणि दुसऱ्या अंगाला प्रकाश ओळखणारा डोळा. मधल्या फटींतून वीज जात नाहीं, उजेड तेवढा जातो. निरोप पोंचतो, गोंगाट अलीकडेच राहतो. माणसामाणसांच्या बोलण्यांतही मधें अशी एखादी फट असती तर किती बरें झालें असतें!

कांटा तीनवर येऊन स्थिरावला. मग मीं तें काम केलें जें वेढे घेण्याहून पुष्कळ अवघड होतें. मी भाऊंकडे गेलों.

आडपडदा न ठेवतां सर्व सांगितलें: चार्जर माझा, दिवा माझा, चूक माझी. भाऊंनीं ऐकून घेतलें. वहिनी चहा घेऊन आल्या. थोड्या वेळानें भाऊ किंचित् संकोचानें म्हणाले, "बोलायला नको, पण तुम्हीच विषय काढलात म्हणून सांगतों, प्रोफेसर. रात्रीं सव्वादहा वाजले कीं आमच्या टेलिव्हिजनचे मोठे भोंगे मधून मधून गुरगुरूं लागतात. ही म्हणते, 'प्रोफेसर बसले वाटतें.' मग आम्ही आवाज कमी करतों."

"केव्हांपासून?" मीं विचारलें.

"झालीं कीं, पांच-सहा वर्षें."

पांच-सहा वर्षें! त्यांच्या भोंग्यांच्या लांबलचक तारा माझें प्रक्षेपण टिपीत होत्या. मी बोललों कीं त्यांच्या घरांत तें गुरगुरे, आणि त्यांनीं त्याची तक्रार तर सोडाच, मला वार्ताही लागूं दिली नव्हती. माझ्या स्वतःच्या संगणकाचा उंदीर प्रक्षेपणाच्या वेळीं मधूनच गोठून बसे, त्याचेंही कारण तेंच होतें. पण तिकडे मीं दुर्लक्ष केलें होतें. गोंगाट आंत येण्याची जी वाट तीच बाहेर जाण्याची, आणि एकच कडें दोन्ही वाटा अडवितें, हें मला तोंडपाठ होतें. तीन महिने मी त्या वाटेवर उभा होतों, पण एकाच दिशेला तोंड करून.

उरलेलीं चार कडीं मीं त्याच संध्याकाळीं भाऊंच्या भोंग्यांच्या तारांना वेढे देऊन बसविलीं. गुरगुर थांबली. वहिनी म्हणाल्या, "अगबाई, आतां तुम्ही आहांत कीं नाहीं, हें आम्हांला कळायचें कसें?"

या प्रकरणानंतर मला दोन जुन्या कथा वेगळ्या वाटूं लागल्या आहेत. त्या मी वर्गांत पुष्कळदां सांगितल्या आहेत, पण ऐकल्या नव्हत्या. १९३० च्या सुमारास अमेरिकेंत कार्ल जान्स्की या तरुण अभियंत्याला बिनतारी टेलिफोनांत होणाऱ्या खरखरीचें मूळ शोधण्याचें काम दिलें होतें. मोटारीच्या चाकांवर फिरणारें एक अजस्र एरियल घेऊन त्यानें महिनोन्महिने टिपणें केलीं. जवळच्या वादळांची खरखर एका बाजूस काढली, दूरच्या वादळांची दुसऱ्या बाजूस काढली, आणि तरी एक मंद सुसाट उरलाच. तो रोज चार मिनिटें लवकर येई. म्हणजे तो सूर्याचें घड्याळ पाळीत नव्हता, ताऱ्यांचें पाळीत होता. १९३३ मध्यें त्यानें जाहीर केलें कीं, हा आवाज आकाशगंगेच्या गाभ्याकडून येतो. पुढें १९६४ सालीं पेंझियास व विल्सन यांना असाच एक न हटणारा आवाज सांपडला. त्यांनीं आपलें उपकरण खिळ्यान् खिळा तपासलें, एरियलमध्यें घरटें करून राहिलेलीं कबुतरें हुसकलीं, त्यांची विष्ठा स्वतः खरवडून काढली. आवाज तरीही राहिला, तेव्हां तो विश्वाच्या बालपणाचा अवशेष असल्याचें सिद्ध झालें, आणि १९७८ मध्यें त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळालें.

मुलांना सांगतांना माझा सारा भर आकाशगंगेवर आणि विश्वाच्या बालपणावर असे. कबुतरें हा त्यांतला विनोदाचा भाग. आतां मला वाटतें, गोष्ट खरी कबुतरांचीच आहे. ज्यानें आपल्या घरची घाण आधीं खरवडली, त्यालाच उरलेला आवाज आकाशाचा आहे असें म्हणण्याचा अधिकार पोंचतो. आमच्या पुण्याहून ऐंशी किलोमीटरांच्या आसपास, नारायणगांवाजवळ खोडद येथें, पंचेचाळीस मीटर व्यासाचीं तीस प्रचंड एरियलें आकाशाकडे कान लावून बसलीं आहेत. ती जागा निवडतांना माणसांच्या गोंगाटापासून ती दूर आहे हें आवर्जून पाहिलें गेलें. शास्त्रज्ञांना दूर जातां येतें. आपल्यासारख्यांना घर, शेजार आणि चार्जर यांच्यामध्येंच राहून ऐकावयाचें असतें; म्हणून आपल्याला कडीं अधिक लागतात.

त्या डिसेंबरांतल्या अखेरच्या रविवारीं धबधबा पुन्हा काळाभोर झाला होता. साडेआठ वाजले आणि मधोमध दोन बारीक रुळ उमटले. अक्षरें येऊं लागलीं, एकेक, न मोडलेलीं. नारळ उतरविले, समुद्र शांत आहे, गुडघा दुखतो. मग थोडें थांबून: "गोंगाट कुठला होता?"

मीं टंकलें, "माझाच."

बराच वेळ रुळ नुसते रिकामे वाहत राहिले. वाटलें, कांहीं उपदेश येणार. पण पडद्यावर आलें तें इतकेंच: "चालायचेंच. माझाही माझाच निघाला होता, १९८६ सालीं. शेजाऱ्याची माफी मागितलीस का?"

२०२४ च्या गणेश चतुर्थीस मी भाऊंकडे आरतीला गेलों होतों. दार, कमान आणि आंब्याचें झाड दिव्यांनीं न्हाऊन निघालें होतें. आदल्या वर्षींपेक्षां दोन माळा अधिकच होत्या. आरती आटोपून निघालों तेव्हां नात फाटकाशीं उभी होती. मला पाहून तिनें झटकन खटक्यावर हात ठेवला आणि भीत भीत विचारलें, "काका, बंद करूं का? तुमच्या रेडिओला त्रास होतो ना?"

"नाहीं ग बाळ," मीं म्हटलें, "तो त्रास माझा मलाच होत होता. राहूं दे चालू."